निगडी प्राधिकरणातला ताईंचा योगवर्ग : चौदा महिन्यांनंतर

पहिल्या दिवशी ताईंनी मला एकही आसन करायला लावलं नाही. दाराशी पाण्याची बादली ठेवलेली होती. तिच्यात पाय बुडवा आणि कोरड्या शहाबादी फरशीवर नेहमीसारखे उभे राहा, एवढंच म्हणाल्या. मिनिटभरानं मला बाजूला घेतलं आणि आम्ही दोघांनी वाकून फरशीवरचे ओले ठसे पाहिले. डाव्या पायाचा ठसा छान उमटला होता. टाच, बाहेरची कड, चवडा, पाचही बोटं. उजव्या पायाची फक्त बाहेरची कड ठसठशीत. टाचेचा आतला भाग पुसट आणि अंगठ्याखालचा उंचवटा अर्धाच. "काका, तुमची उजवी चप्पल बाहेरच्या अंगानं झिजते का?" त्यांनी विचारलं. मी दाराबाहेर जाऊन चप्पल उलटी करून पाहिली. टाचेला बाहेरच्या बाजूनं चांगली दोन सूत झीज होती.

मी ३४ वर्षं भोसरी एमआयडीसीत फिटर होतो. पंप आणि मोटर एका रेषेत आणून कपलिंग जोडायचं, हे माझं काम. मोटरला खाली चार पाय असतात. डायल, म्हणजे काट्याचं मापयंत्र, लावून अलाइनमेंट काढायच्या आधी हे चारही पाय बेसवर नीट टेकलेत का, ते फीलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पातळ पात्या, घालून बघावं लागतं. एखादा पाय किंचित अधांतरी असला आणि तसाच बोल्ट आवळला, तर मोटरची अख्खी बॉडी पिळते. मग वर कपलिंगपाशी दिवसभर खटपट केली तरी रीडिंग जागेवर येत नाही. आमच्यात याला सॉफ्ट फूट म्हणतात. त्यावर इलाज म्हणजे त्या पायाखाली बरोबर जाडीची शिम, म्हणजे पत्र्याची पातळ पट्टी, सारायची. नव्या पोरांना मी पहिल्या आठवड्यात हेच शिकवायचो, आणि तरीही निम्मी पोरं थेट डायललाच हात घालायची. त्यामुळे तो ओला ठसा बघितला आणि मला ताईंच्या कामाची पद्धत तिथेच पटली. या बाई आधी पाय तपासतात.

हा वर्ग निगडी प्राधिकरणात एका बंगल्याच्या दुसऱ्या मजल्यावर आहे. बाहेर पाटी नाही, जाहिरात नाही. ताईंनी नाव-पत्ता लिहू नका असं सांगितलंय, कारण दोन्ही तुकड्या भरलेल्या आहेत आणि यादीत आधीच माणसं आहेत. तरी मी लिहितोय, कारण अंगाची रेष कशी शोधायची आणि शिकवणाऱ्यानं ती कशी दाखवायची, हे मी इथे पाहिलं. तुम्ही तुमच्या गावात, तुमच्या पेठेत वर्ग शोधत असाल तर काय बघायचं ते कळावं म्हणून हे सगळं.

याआधी दीड वर्ष मी दुसऱ्या एका ठिकाणी जायचो. नाव घेत नाही. हॉल मोठा, समोर स्टेज, माइक, आणि एका वेळी चाळीस-पन्नास माणसं. तिथे पश्चिमोत्तानासनात, म्हणजे पाय पसरून बसून पुढे वाकताना, कपाळ गुडघ्याला टेकलं की आसन जमलं असं धरायचे. माझं टेकत नव्हतं. एके दिवशी तिथला मदतनीस मागून आला आणि न विचारता माझ्या पाठीवर छाती टेकवून दाबायला लागला. उजव्या ढुंगणाखाली, बसायचं हाड असतं ना, नेमकं तिथे काहीतरी ताणलं गेलं. हाडांच्या डॉक्टरांनी सांगितलं की मांडीच्या मागचे स्नायू जिथे हाडाला चिकटतात तिथे इजा झालीय, वेळ लागेल. चार महिने मी रिक्षात बसताना हात टेकवून, अर्धा उचलून बसायचो. त्या माणसाचा हेतू वाईट नव्हता, हे मी जाणतो. पण कुठला भाग अडलाय हे न बघता त्यानं वरून जोर लावला.

ताईंकडे तेच आसन मला पाचव्या महिन्यात मिळालं. दोन ब्लँकेटं चौघडी करून ढुंगणाखाली, तळपायाला पट्टा अडकवलेला, पट्ट्याची टोकं दोन हातांत. मी सवयीनं डोकं खाली न्यायला लागलो तशा म्हणाल्या, "कपाळ कुठे चाललंय ते राहू द्या. नाभी पुढे जातेय का तेवढं बघा." कारण त्यांनी नंतर फरशीवर बसून समजावलं. मांडीमागचे स्नायू बसायच्या हाडापासून निघतात आणि गुडघ्याच्या खाली जाऊन चिकटतात. ते आखडलेले असले आणि पाय सरळ पसरले, की ते कंबरेचा कटोरा मागे ओढतात. कटोरा मागे कलला की पाठ कमानीसारखी वाकते, आणि आपण पुढे वाकतोय असं वाटताना सगळा भार कंबरेच्या मणक्यांवर येतो. बूड चार बोटं उंच केलं की तोच कटोरा पुढे कलायला मोकळा होतो. अंगात बदल काहीच झालेला नसतो, आणि तरी पाठ सरळ! मी त्या दिवशी घरी जाऊन ब्लँकेट घालून आणि काढून सहा वेळा बसून बघितलं. दरवेळी तेच.

ताई शिवाजीनगरजवळ मॉडेल कॉलनीतल्या रमामणी अय्यंगार मेमोरियल योगा इन्स्टिट्यूटमध्ये बरीच वर्षं शिकल्या. बी. के. एस. अय्यंगार यांनी १९७५ साली सुरू केलेली ही संस्था. पुण्यातल्या जुन्या लोकांना ती माहीत आहे, बाकीच्यांना तिथे दिसणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांमुळे ऐकून माहीत असते. अय्यंगार मूळचे कर्नाटकातल्या बेल्लूरचे. १९३७ साली त्यांचे गुरू कृष्णम्माचार्य यांनी त्यांना पुण्यात डेक्कन जिमखान्यावर शिकवायला पाठवलं तेव्हा ते अठरा वर्षांचे होते. लहानपणी मलेरिया, टायफॉइड, क्षय, सगळं होऊन गेलेलं. २०१४ साली पुण्यातच ते गेले. विटा, पट्टे, खुर्च्या, लोड, भिंतीत अडकवलेले दोर, हे सगळं साहित्य आज जगभरच्या वर्गांत दिसतं, ते त्यांच्या हातून आलेलं आहे. ताई त्यांना 'गुरुजी' म्हणतात आणि नाव घेताना आवाज जरा खाली येतो. वर्ग मात्र त्यांचा स्वतःचा, संस्थेची शाखा नव्हे.

आता मुख्य गोष्ट, त्या शिकवतात कशा.

त्रिकोणासन घेऊ. हे आसन मी शाळेत असल्यापासून करतोय असा माझा समज होता. पाय फाकायचे, एका बाजूला वाकायचं, हात पायाला लावायचा. ताईंनी मला भिंतीला पाठ लावून उभं केलं. पायांत साडेतीन-चार फूट अंतर, डावं पाऊल किंचित आत, उजवं पूर्ण उजवीकडे वळवलेलं. उजव्या टाचेपासून रेष काढली तर ती डाव्या पायाच्या कमानीत मधोमध जायला हवी; तिथे त्यांनी खडूनं खरंच रेष काढली. मग म्हणाल्या, करा तुम्ही नेहमी करता तसं. मी वाकलो, हात फरशीला टेकवला, आणि मला बरं वाटलं. "आता भिंतीला काय काय लागतंय ते सांगा." मी अंदाज घेतला. उजवं ढुंगण भिंतीत रुतलेलं, आणि डावा खांदा भिंतीपासून वीतभर पुढे आलेला. छाती फरशीकडे बघत होती. हात टेकावा म्हणून सगळं अंग पुढे झुकून पिळलं होतं.

त्यांनी मला वर घेतलं, उजव्या घोट्याच्या बाहेर लाकडी वीट उभी ठेवली आणि पुन्हा करायला सांगितलं. वीट बांधकामाच्या विटेएवढीच असते, उभी केली की साधारण ९ इंच. तेवढ्या उंचीवर हात टेकला आणि डावा खांदा आपोआप भिंतीला जाऊन लागला. मला एकदम आमची शिमची पेटी आठवली. फरशी आणि हात यांच्यात जे अंतर उरतं ते वीट भरून काढते, म्हणजे ते अंतर भरायला कंबर मोडावी लागत नाही.

पण काम तिथे संपलं नव्हतं. उजव्या गुडघ्याची वाटी आतल्या बाजूला, अंगठ्याच्याही आत बघत होती. ताई समोर मांडी घालून बसल्या आणि गुडघ्याला हात न लावता म्हणाल्या, "उजव्या मांडीचं हाड बाहेर फिरवा. वाटी दुसऱ्या बोटाकडे येऊ द्या." मी फिरवलं, तसा लगेच अंगठ्याखालचा उंचवटा फरशीवरून उचलला गेला. "आता मांडी तशीच ठेवा आणि अंगठ्याचं मूळ खाली दाबा." दोन्ही एका वेळी करायचं. वर बाहेर, खाली आत. आठ-दहा सेकंद मला ते सापडेना, मग एकदम सापडलं, आणि मांडीच्या आतल्या बाजूला असा एक स्नायू कामाला लागला की जो माझ्या अंगात आहे हेच मला ठाऊक नव्हतं. मांडी थरथरायला लागली. ताई म्हणाल्या, "हां, आता पाय उभा राहिला."

माझ्या शेजारी एक सॉफ्टवेअर कंपनीतली मुलगी असते, विशी-बाविशीतली, अंग रबरासारखं. तिचा हात सहज फरशीला जातो. तिला वीट वेगळ्या जागी. तिचे गुडघे मागच्या बाजूला प्रमाणाबाहेर जातात, पाय सरळ करायला सांगितला की धनुष्यासारखा उलटा वाकतो. ताई तिच्या पोटरीच्या मागे वीट तिरकी टेकवतात आणि सांगतात की पोटरी विटेवर टाकायची नाही, विटेपासून पुढे आणायची. एकच आसन, शेजारी शेजारी दोन माणसं, एकाला सरळ व्हायचं आहे आणि दुसरीला जास्त सरळ होण्यापासून थांबायचं आहे. माइकवरून पन्नास जणांना 'गुडघा ताठ करा' सांगितलं तर त्या मुलीचा गुडघा बिघडणार, हे मला तोवर कधी सुचलं नव्हतं.

तिसरीकडे, खिडकीपाशी, ७४ वर्षांच्या आजी वीरभद्रासन खुर्चीवर बसून करतात. पत्र्याच्या घडीच्या खुर्च्या आहेत, पाठीचा पत्रा काढून टाकलेला, नुसती चौकट. एक खुर्ची डुगडुगायची, तिला मी रबरी बूच बसवून दिलं. आजींची उजवी मांडी खुर्चीवर आडवी, डावा पाय मागे सरळ ताणलेला, हात दोन्हीकडे पसरलेले. त्यांचा चेहरा बघण्यासारखा असतो. भार खुर्ची घेते, त्यामुळे छाती उघडायला त्यांच्याकडे ताकद उरते.

वीरभद्रासनावरून माझ्या ओळंब्याची, म्हणजे उभी रेष बघायला दोऱ्याला बांधलेल्या वजनाची, गोष्ट सांगतो. दुसऱ्या वीरभद्रासनात पुढचा गुडघा वाकवायचा आणि नडगी सरळ उभी ठेवायची, गुडघा बरोबर घोट्याच्या वर. माझा उजवा गुडघा आत पडतो असं ताई रोज सांगायच्या आणि मला रोज वाटायचं की तो सरळच आहे. वाद घालायचा माझा स्वभाव नाही, पण मोजल्याशिवाय मान्य करायचाही नाही. घरी पेटीतून पितळी ओळंबा काढला, आसन घेतलं आणि हिला दोरा गुडघ्याच्या वाटीपाशी धरायला सांगितला. ओळंबा लोंबकळला तो पावलावर नाहीच. अंगठ्याच्या आत, दोन बोटं सोडून, फरशीवर. हिनं खाली बघितलं, मग माझ्याकडे. मी गुडघा बाहेर न्यायला लागलो. ओळंबा अंगठ्यावर आला, पुढे सरकत दुसऱ्या बोटावर आला. त्या क्षणी मला शपथेवर वाटत होतं की गुडघा पार बाहेर, करंगळीच्या पलीकडे गेलाय. डोळ्यांनी दिसतंय सरळ, आतून वाटतंय वाकडं.

पुढच्या बुधवारी ओळंबा वर्गात नेला. ताईंना इतका आनंद झाला की आठवडाभर त्यांनी तो सगळ्यांच्या गुडघ्याला लावला. शेवटी मला परत देताना एक गोष्ट सांगितली, ती मी इथे जशीच्या तशी देतो, कारण माझ्यासारख्या कारखान्यातून आलेल्या माणसाची चूक इथेच होते. "काका, नडगीला ओळंबा चालेल. मणक्याला नको." मान आत, पाठ बाहेर, कंबर पुन्हा आत, माकडहाडाचा वरचा भाग पुन्हा बाहेर, अशी मणक्याची नैसर्गिक वळणं असतात आणि ती राहायला हवीत, सरळ म्हणजे ती पुसून टाकणं नव्हे. खुब्याची खोबणही प्रत्येकाची वेगळी असते. कुणाची जास्त पुढे तोंड करून, कुणाची बाजूला, कुणाची खोल. म्हणून त्या पावलाचा कोन सगळ्यांना एकच सांगत नाहीत. आमच्यात एक कॉलेजचा मुलगा आहे, त्याचा खुबा बाहेर फिरतच नाही. त्यानं पाऊल पूर्ण ९० अंश वळवलं की गुडघा मागे राहतो आणि पिळला जातो. त्याला त्या पाऊल थोडं कमी वळवायला सांगतात. गुडघा आणि दुसरं बोट एका दिशेला, हे पक्कं, बाकीचं अंगाप्रमाणे. मी आयुष्यभर ड्रॉइंगप्रमाणे काम केलं. एकाच ड्रॉइंगची हजार यंत्रं निघतात. माणसांचं ड्रॉइंग प्रत्येकाचं निराळं, हे मला नीट पटायला तीन-चार महिने गेले.

आतून वाटणं आणि प्रत्यक्ष असणं यातली तफावत मला सर्वांत जास्त शवासनात कळली. सगळे आडवे झाले की ताई एकेकाच्या पायाशी येऊन उभ्या राहतात, कारण तिथून अंगाची मधली रेष दिसते. दोन टाचांच्या मधून नजर वर नेत नाभी, छातीचं हाड, हनुवटी, नाक. माझ्याजवळ आल्या, हळूच विचारलं, "डोक्याला हात लावू का?" मी हो म्हटलं. त्यांनी दोन्ही हातांनी डोकं उचललं, मान जरा लांब केली आणि परत ठेवलं. मला वाटलं त्यांनी माझं डोकं उजवीकडे कलतं ठेवलंय. मी सरळ करायला गेलो तशा म्हणाल्या, "उजवीकडे पडलंय असं वाटतंय ना? आत्ता ते मधे आहे." किती वर्षं मी डोकं डावीकडे कलतं धरून झोपत, बसत, मशिनवर वाकत आलो असेन कोण जाणे. त्या कललेल्यालाच अंग मधलं समजायला लागलेलं. आमच्याकडे मापयंत्राला झीरो एरर असली, म्हणजे त्याचं शून्यच सरकलेलं असलं, की प्रत्येक माप तेवढं चुकतं, आणि ते चुकतंय हे त्या यंत्रावरून कधीच कळत नाही. दुसऱ्या खात्रीच्या मापाशी ताडून बघावं लागतं. ताई, भिंत, वीट, खडूची रेष ही माझी ती खात्रीची मापं. तीन आठवड्यांनी डोकं मधे ठेवलेलं मधेच वाटायला लागलं.

त्याच दिवशी डोक्याखाली घडीचं ब्लँकेटही दिलं. माझी हनुवटी कपाळापेक्षा वर जात होती आणि मानेमागे वळी पडत होती. कपाळ हनुवटीपेक्षा किंचित उंच आलं आणि डोळे आपसूक शांत झाले. त्या दिवशी मला वर्गात झोप लागली नाही, पण घरी दुपारी इतकी गाढ लागली की चहाची वेळ टळली.

हात लावण्याबद्दल वेगळं लिहायला हवं. ताई दर वेळी विचारतात. नव्या माणसाला तर सुरुवातीचे काही दिवस हातच लावत नाहीत, शब्दांनी, विटेनं, भिंतीनं भागवतात. लावला तरी पंजा नाही. बोटांची टोकं किंवा तळहाताची मागची बाजू. जिथे जायचं आहे तिथे बोट टेकवतात आणि म्हणतात, "माझ्या बोटाकडे या." अधोमुख श्वानासनात, म्हणजे हात-पाय टेकवून बूड वर उचलल्यावर, माझी पाठ गोल होते, तेव्हा दोन खांद्यांच्या मधे एक बोट ठेवलं आणि गुडघे थोडे वाकवायला लावले. गुडघे वाकले तशी पाठ लांब झाली. मग टाचा हळूहळू खाली. आधीच्या वर्गात याच आसनात टाचा टेकल्या पाहिजेत म्हणून पाठीवर रेटा बसायचा. ढकलून आणलेली जागा अंगाला लक्षात राहत नाही, आपण होऊन गेलेली राहते, हे मी माझ्या अंगावरून सांगतो.

त्यांची भाषाही साधी आहे. आसनांची नावं संस्कृत, बाकी सगळं घरातलं मराठी. "करंगळीखाली वजन न्या", "काख उघडा", "खांद्याची पाती पाठीत आत घ्या, गळ्याशी नको", "पोट घट्ट नको, लांब". एका वेळी एकच सूचना, आणि ती अंगात उतरेपर्यंत दुसरी नाही. आधी स्वतः करून दाखवतात, मग चूक कशी होते तेही करून दाखवतात. हे चुकीचं करून दाखवणं फार उपयोगाचं. माझ्यासारखा वाकडा उभा राहिलेला दुसरा माणूस समोर बघितला की चूक डोक्यात बसते.

आता उणं काय ते.

तुकडीत अठरा माणसं आहेत, बारा असती तर बरं. ताईंची नजर कितीही बारीक असली तरी मागच्या रांगेत कोपऱ्यात उभ्या असलेल्याकडे एखाद्या दिवशी लक्ष जात नाही. महिन्यातून एक-दोन शनिवारी त्यांची विद्यार्थिनी शिकवते. ती सूचना अगदी बरोबर देते, तोंडपाठ आहेत तिला, पण समोरच्याचं अंग बघून सूचना बदलणं अजून येत नाही; एकदा त्या गुडघे मागे जाणाऱ्या मुलीलाही तिनं वाटी जोरात वर खेचायला लावली. मी वर्ग संपल्यावर ताईंना सांगितलं, त्यांनी ते मनावर घेतलं. दुसरा मजला आहे, लिफ्ट नाही. आजी दोन टप्प्यांत चढतात. पावसाळ्यात ब्लँकेटं दमट असतात, वास येतो. मी घरून चादर नेतो. चुकलेला वर्ग भरून मिळत नाही. सुरुवातीचे तीन महिने बहुतेक उभ्यानंच करायची आसनं आहेत, त्यात ताडासन तर रोज. सर्वांगासन मला नवव्या महिन्यात मिळालं, तेही खुर्चीच्या आधारानं, आणि आधी रक्तदाबाचं विचारून. पुढे जमिनीवर केलं तेव्हा खांद्यांखाली चार ब्लँकेटं, डोकं खाली फरशीवर, म्हणजे मान चेपली जात नाही. प्राणायाम वर्ष झाल्यावर. ज्यांना पहिल्या महिन्यात शीर्षासन करून फोटो काढायचा आहे त्यांना हा वर्ग कंटाळवाणा वाटेल, आणि दोन-तीन जण म्हणून सोडूनही गेले.

फी महिना १४०० रुपये, आठवड्यातून तीन दिवस, सव्वा तास. साहित्य सगळं वर्गातलं, वेगळे पैसे नाहीत. मला हा दर योग्य वाटतो.

फरक काय पडला? जिना उतरताना उजव्या गुडघ्यात जे खटकायचं ते बरंच कमी झालं. पूर्ण गेलं असं म्हणणार नाही. सकाळी उठल्यावर कंबर पाच-सात मिनिटं आखडलेली असते, पूर्वी अर्धा तास असायची. मधुमेहाची गोळी डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे चालूच आहे. ताई गोळ्या-औषधांत कधी बोलत नाहीत, हेही मला त्यांचं आवडतं. गेल्या महिन्यात त्यांनी पुन्हा बादली आणली. उजव्या टाचेचा आतला भाग या वेळी उमटला, डाव्याइतका गडद नाही, पण उमटला. अंगठ्याखालचा उंचवटा पूर्ण. मी बराच वेळ तिथे उकिडवा बसून बघत होतो, ठसा वाळायला लागेपर्यंत.

आता हीसुद्धा माझ्याबरोबर येते. घरी गॅलरीच्या दाराशेजारी मोकळी भिंत आहे, तिथे खाली पेन्सिलीनं त्रिकोणासनाच्या खुणा करून ठेवल्यात. माझं अंतर ३ फूट ८ इंच, हिचं ३ फूट २ इंच. पहिल्यांदा मी तिला माझ्याच खुणांवर उभं केलं होतं आणि तिच्या मांडीला ओढ बसली. ताईंनी दुसऱ्या दिवशी तिला उभं करून, तिच्या पायांची लांबी बघून खुणा बदलायला लावल्या.

असा वर्ग शोधायला जाल तेव्हा गुडघ्याच्या वर येणारी हाफ पँट घालून जा. सैल पायजम्यात गुडघ्याची वाटी दिसत नाही आणि शिकवणाऱ्याला अंदाजानं बोलावं लागतं. पोट रिकामं हवं. दुखणं, ऑपरेशन, रक्तदाब, जे असेल ते पहिल्या दिवशीच सांगा. आणि आधी एक दिवस नुसतं कडेला बसून बघायची परवानगी मागा. शिकवणारा माणूस वर्गभर स्वतःच आसनं करत राहतो की फिरून लोकांचे पाय बघतो, तेवढं बघा. ताईंच्या वर्गात मी कडेला बसून बघितलं त्या दिवशी सव्वा तासात त्या स्वतः जेमतेम दहा मिनिटं आसनात होत्या.